हादऱ्याचा कौल

नीरेवरच्या पुलासाठी काठच्या गाळात सागाचे खांब ठोकायचे होते. दोरानं वर ओढून सोडलेल्या घणाचा हादरा देवळाला बसला तर जुना गाभारा खाली येईल, म्हणून गाव आडवं आलं. भोरहून आलेल्या आनंदराव ओव्हरसियरांनी कागदावर गणित मांडून दाखवलं. "साठ पावलांपलीकडं हादरा जाणारच नाही. देऊळ शंभर पावलांवर आहे."

"कागुद ऱ्हाऊ द्या. आमी देवीला इचारतो," बाजी गुरव म्हणाला.

त्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हादरा येणार, डावी पडली तर नाही. तास झाला तरी एकही कळी हलेना. आनंदराव बूट घालून दाराबाहेरच उभे होते, मिशीतल्या मिशीत हसत. तिकडं नदीवरची माणसं दोर धरून कंटाळली आणि त्यांनी पहिला घण सोडून दिला.

धप्प! डावी कळी टपकन खाली पडली.

"न्हाई म्हनली! देवी न्हाई म्हनली!" बाजीनं भंडारा उधळला. आनंदरावांनी घाईघाईनं बूट काढले, आत येऊन साष्टांग नमस्कार घातला. "बघा, देवीचं आणि माझं गणित तंतोतंत जुळलं!"

पायरीवर बसलेली भामाबाई धनगरीण तेवढी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"जुळलं खरं, सायेब. पर तासभर गप बसल्याली देवी घणाचा दणका बसल्यावरच कशी बोलली?"