दसऱ्याचा कॉम्प्युटर

कोलशेतच्या धाकूचा सेकंडहँड कॉम्प्युटर, जुना फोर-एटी-सिक्स, गेम खेळताना दहाव्या मिनिटाला हमखास बंद पडायचा. धाकूने रॅम खोडरबरने घासली, डबा उघडून समोर बंद पडलेला टेबलफॅन दुरुस्त करून लावला. फॅन सुधारला, कॉम्प्युटर नाही. दसऱ्यानंतर तो भंगारात जाणार, असं बाबांनी जाहीरच केलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी होडीच्या इंजिनाची पूजा आटोपून धाकूची आई, मालन, कुंकवाची कोयरी घेऊन गेमसमोर उभी राहिली.

"आये, मशीन बिघडलंय. रुसलं नाय."

"इंजिनाला लावलं, मग यानं काय घोडं मारलंय?" म्हणत तिने काचेवर, नेमकं गेममधल्या शिपायाच्या कपाळावर, बोट टेकवलं.

त्यानंतर गेम तासभर अखंड चालला. धाकूने स्क्रीनला मनापासून हात जोडले आणि कुंकू पुसायला घेतलं. काच स्वच्छच होती. शिपाई चालायला लागला, तसं कुंकूही त्याच्या कपाळाबरोबर चाललं.

"गुणाचा आहे हो," मालन कौतुकाने म्हणाली.

शिपायाने बंदूक खाली ठेवली. धाकूचे दोन्ही हात पुन्हा जोडले गेले होते, कीबोर्डवर कुणाचंच बोट नव्हतं. शिपाई काचेपर्यंत आला, आणि स्वतःच्या कपाळाला टेकवलेलं बोट त्याने पुढे केलं.

मालनने डोक्यावर पदर घेतला आणि हळदीकुंकवाला शेजारणीपुढे वाकावं तशी सवयीने वाकली.

"बोट गार आहे रे याचं," ती म्हणाली.