उत्तनची वाळू

“पप्पा, गाडी रुतली.”

फोनमध्ये सेरेनाचा आवाज कापत होता. मागे वाऱ्याची नुसती घोंघों. युजीननं फोन डाव्या हातात घट्ट धरला. उजवा हात अजून त्याचं ऐकत नव्हता.

“उत्तनला आलेय. खडकांच्या पलीकडे, तू पूर्वी जीप न्यायचास ना, तिथेच. पुढची चाकं वाळूत गेलीत. आणि भरती सुरू झालीय.”

युजीननं तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

पावसाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच उरलं होतं. त्याला बोलतं करायला हेमांगी नावाची मुलगी बाळकुमच्या या तिसऱ्या मजल्यावर यायची. सफरचंदाचं चित्र दाखवायची, छत्रीचं दाखवायची. युजीन भिंतीकडे तोंड फिरवायचा. “शब्द आहेत हो आत,” ती निघताना दाराशी फेलिशियाला सांगायची. “पण आता नाही बोलले तर पुढे फार जड जाईल.”

त्यानं फोन बायकोपुढे धरला.

“माझे हात कोळंबीचे आहेत,” फेलिशिया म्हणाली. “आणि मला गाडीतलं काय कळतं? तिथली वाळू तुम्हाला ठाऊक.” तिनं कोपरानं ढकलून गॅलरीचं दार लावलं. “डास येतात.” मग ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

फोनमध्ये इंजिन किंचाळलं आणि लगेच दबलं. पुन्हा किंचाळलं, पुन्हा दबलं.

“बघ ना! ॲक्सिलरेटर दाबतेय, तर दमच धरत नाही गाडी.”

युजीनच्या लक्षात आलं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल त्याला ब्रेक लावत होता, इंजिनचा जोर काढून घेत होता. ओल्या रस्त्यावर तो जीव वाचवतो. मऊ वाळूत तोच गाडीला जागेवर गाडून ठेवतो.

“थां... थांब.”

पलीकडचं इंजिन थांबलं. स्वयंपाकघराच्या दारातून फेलिशिया एक पाऊल पुढे आली.

“पप्पा?”

“ब... बटण. घस... घसरती गाडी.”

“घसरत्या गाडीचं चित्र आहे ते? हां, दिसलं. दाबलं. काही नाही झालं.”

“ध... धरून. धरून ठेव.”

“दिवा लागला! ऑफ म्हणतोय.”

“हवा.” युजीनच्या कपाळावर घाम आला होता. “चारही... चाकं. हवा काढ. अर्धी.”

बराच वेळ फोनमध्ये फक्त घोंघों होती. मध्येच लांबून भोंगा वाजला, पों पों. आता उत्तनच्या वाळूतही फेरीवाले फिरायला लागले वाटतं, असं युजीनच्या मनात येऊन गेलं.

“काढली. पण पाणी पुढच्या चाकाला लागलंय, पप्पा. मला भीती वाटतेय. लवकर सांग ना रे!”

“घाबरू नको,” युजीन म्हणाला. “स्टिअरिंग सरळ धर. रिव्हर्स टाक. आलीस त्याच चाकोरीतून हळूहळू मागे ये. मध्ये थांबू नको.”

इंजिन घुमलं. या वेळी दबलं नाही. घुमतच राहिलं.

“निघाली! पप्पा, निघाली रे!” सेरेना हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

युजीननं डोळे मिटून घेतले. छातीवरून कोणीतरी दगड उचलून नेला होता. “बटण परत दाब,” तो म्हणाला. “रस्त्यावर चालू पाहिजे.”

“दाबते, बाबा, दाबते.”

फेलिशियानं गाऊनच्या टोकानं डोळे पुसले. तिचे हात कोरडे होते.

युजीनला मोकळी हवा हवीशी वाटली. चालू फोन त्यानं तसाच खिशात टाकला आणि भिंतीचा आधार घेत गॅलरीपर्यंत गेला.

“अहो, थांबा, मी येते,” फेलिशिया घाईघाईनं मागे आली. तोवर त्यानं दार उघडलं होतं.

खाली फाटकाशी पाववाला सायकल वळवत होता. त्यानं भोंगा दाबला. तो खालून वाजला आणि युजीनच्या खिशातही वाजला.

कठडा धरून युजीननं फाटकाशी काचा लावून उभ्या असलेल्या सेरेनाच्या गाडीकडे पाहिलं. मग त्यानं फोन काढून कानाला लावला.

“सेरेना, भरती ओसरली असेल तर एसी बंद कर, गाडीतून उतर, आणि त्या पाववाल्याकडून चार पाव घेऊन वर ये.”