वाकडे वेढे

हारिननं पिकअप टेबलावर ठेवला. "काका, हा मेला."

सोलच्या वाद्यबाजारात दुसऱ्या मजल्यावर म्हातारा प्यो गिटारचे पिकअप भरून देतो. तारांखाली बसतो तो चुंबकाचा तुकडा. त्याच्याभोवती केसाहून बारीक तार गुंडाळायची, एवढंच काम. पण तोरा विचारू नका. गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघेल तर शपथ.

"मेला कसा? मीटर लावून बघ."

"मीटरला चालतोय. गिटारला नाही."

प्योनं कागदी पेल्यातली कॉफी संपवली, तिला विचारलंही नाही. "आधी हा कुणी भरला होता, माहितीये? योमनं. उघडला तर आत नुसता उकिरडा. एक वेढा इकडे, एक तिकडे. तो काढून फेकला आणि शिस्तीत भरून दिला. वर तोंड करून तक्रार घेऊन आलीस?"

"मला तो उकिरडाच हवा होता, काका. नव्या रेकॉर्डची अर्धी गाणी त्या आवाजात झालीत. उरलेली याच्यावर वाजवली तर दुसरंच कुणी वाजवतंय असं वाटतं. होता तसा भरून द्या."

"मग त्याच्याकडेच जा की. इथला गाळा सोडून गेला तेव्हा मला म्हणाला होता, तुझ्या हाताला इस्त्री मारलीय. जा त्या गबाळ्याकडे."

"तार तुटली तेव्हा आधी त्यांच्याकडेच गेले होते. हिवाळ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, प्यो नीट करून वाट लावेल, पण बाकीच्यांना तेवढंही जमत नाही."

प्योला वाईट वाटलं, आणि योमसाठी वाईट वाटलं याचा जास्त राग आला. त्यानं पिकअप ओढून घेतला, आपलंच काम ब्लेडनं कापून काढलं आणि मशीन सुरू केली. मशीन फक्त फिरवते. तार सोडायची ती बोटांनीच. त्यानं बोटं मुद्दाम इकडेतिकडे नेली. वेढे तरीही शेजारीशेजारी शहाण्यासारखे बसले. कापून पुन्हा भरले, पुन्हा तेच.

"इतका भिकार हात आणायचा कुठून?" तो पुटपुटला.

"बघू," शटरपाशी कुणीतरी म्हणालं.

योम होता. हारिनच त्याला घेऊन आली होती आणि तो इतका वेळ बाहेर ढोलांच्या दुकानाआड उभा राहून ऐकत होता. उजवा हात कोटाच्या खिशात. आत येऊन तो मशीनवर वाकला. "वाकडं करतानाही सरळच. जन्माचा कारकून."

"या दारात पाय ठेवणार नाही म्हणाला होतास."

"दार असतं तर नसतो आलो. हे शटर आहे."

प्योनं पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बस आणि शिव्या घाल. तेवढं तरी येतं तुला."

योम बसला. मशीन फिरू लागली. शिव्या काही त्यानं घातल्या नाहीत. डाव्या हातानं प्योचं मनगट धरलं आणि गदागदा हलवायला लागला.

"अरे, तुटेल तार."

"माझी कधी तुटली?"

वेढे एकमेकांवर चढायला लागले, फाकायला लागले. हारिन पुढे वाकून बघत होती. आत पुन्हा उकिरडा जमत होता.

"हळू," प्यो म्हणाला. "माझा हात आहे तो."

"होता," योम म्हणाला, आणि हलवत राहिला.