शादलिया खालाचं नाक

नारिंगाच्या फुलांचा अर्क थेंब थेंब बाटलीत पडत होता. शादलिया खालाने बाटलीवर नाक धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “अजून फूलच आहे. चालू दे.”

शेजारच्या मन्नूबियाने तांब्याच्या भांड्याखाली जाळ सारला. फुलं तिची होती, मुलीच्या रुखवतात द्यायच्या अर्कासाठी आणलेली. फुलाचा वास संपून उकडलेल्या पाल्याचा सुरू झाला की बाटली लगेच काढायची. घोटभर जरी जास्त उतरलं तरी सगळा अर्क वाया. ती वेळ अख्ख्या नाबेल गावात एका खालाच्याच नाकाला कळते, असं सगळ्या बायका म्हणायच्या.

खालाची नात इशराक ट्युनिसला डॉक्टरकी शिकत होती, सुट्टीला आली होती. तिला उंबऱ्यातच पाल्याचा वास आला. तिने मुकाट्याने बाटली काढली.

“अगं, खाला तर म्हणाली...” मन्नूबिया म्हणाली.

“मीच खुणावलं तिला,” खाला झटकन म्हणाली. “मन्नूबिया, तू दुसरं टोपलं आण जा.”

मन्नूबिया गेली. इशराकने विचारलं, “आजी, हमामात घसरून पडलीस, तेव्हापासून ना?”

“छे गं! हमामातल्या जिन्नाने नेलंय. त्याच्या पोरीचं लग्न होतं, म्हणाला दोन दिवस नाक दे. मेल्याने परत आणलंच नाही.”

इशराकला हसू आलं. तिने आजीचं बोट धरून भुवयांच्या मधोमध टेकवलं. “इथे आत चाळणीसारखं हाड असतं. वासाचे धागे त्याच्या भोकांतून वर मेंदूत जातात. तुला मार डोक्याच्या मागे बसला, पण मेंदू हलला आणि धागे तुटले.”

“म्हणजे मला मेंदू आहे? हे ऐकायला तुझे आजोबा हवे होते.” मग आवाज बारीक करून, “जुळतील का गं?”

“कधी कधी जुळतात. रोज हुंगत राहायचं. पण तोवर लोकांची फुलं नको ना जाळूस.”

मन्नूबिया टोपलं घेऊन आली, तशी खालाने भांडं रिकामं करून पुन्हा भरलं.

दुसऱ्या टोपल्यातल्या फुलांचा अर्क उतरू लागला. मन्नूबियाने बाटली पुढे केली. “खाला, बघ ना.”

खालाने नातीचं नाक चिमटीत पकडून तिलाच पुढे ओढलं. “आता हिला विचार. मला वास येत नाही, चार महिने झाले.”

मन्नूबियाने बाटली इशराकपुढे धरली. इशराक बाटलीवर वाकली, आणि वास आत गेला तसे तिचे डोळे आपोआप मिटले.

खाला तिच्या कानाशी सरकली.

“कसा उतरलाय गं यंदाचा? सगळं सांग मला. थोडं वाढवून सांगितलंस तरी चालेल.”