पडद्यामागचा ब

"अगं, श्वास हळू घे," नवरा म्हणाला. "तुझ्या श्वासानं वरचे स्वर बिघडतात."

पडद्यामागे तिनं श्वास आवरता घेतला. लग्नानंतर तिनं बरंच काही आवरतं घेतलं होतं. श्वास तेवढा राहिला होता.

*उंच स्वर*

तिच्या एका बाजूला स्पीकरची नवी जोडी होती. छातीइतकी उंच, वरचे स्वर काढणाऱ्या बेरिलियमच्या घुमटाची. बेरिलियम हा धातू वजनाला फूल आणि ताठपणाला सासरा, हे तिला महिनाभर जेवताना, झोपताना आणि एकदा दाढ ठणकत असताना ऐकवण्यात आलं होतं.

दुसऱ्या बाजूला तिच्या बाबांची जोडी. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कागदाचा लगदा करून, तो आईच्या नरसाळ्यावर थापून, वाळवून त्यांनी या स्पीकरचे शंकू घडवले होते. तोवर आई वाटीनंच तेल ओतत होती, आणि बोलतही होती. बाबांचं म्हणावं असं आता एवढंच उरलं होतं.

नवरा त्याला 'सासऱ्यांचा लगदा' म्हणे. वाजत नसलेली खोकी खोलीत नुसती थरथरतात आणि आवाज गढूळ करतात, असं त्याचं शास्त्र. आज नवी जोडी जिंकली की लगदा भंगारात.

परीक्षा मात्र निःपक्षपाती. डोळ्यांनी कानांच्या कामात लुडबूड करू नये म्हणून काळा पडदा. पडद्यामागे ती आणि एक खटका: अ किंवा ब. कुठली जोडी कुठल्या अक्षराला, हे फक्त तिला ठाऊक. आणि यंदा ती बोलणारी नव्हती. गेल्या वर्षी एका नव्या वायरीचं गुणगान चाललं असताना ती वायर जोडलेलीच नाही, हे तिनं दाखवून दिलं होतं. नवऱ्यानं आठवडाभर घरच्या विजेला दोष दिला. मग तिला.

*मधला पट्टा*

नवरा मधल्या खुर्चीत बसला. खरा आवाज म्हणे तिथंच पोहोचतो. दोन्ही बाजूंना दोन मित्र: एक दंतवैद्य, एक दाढीवाला.

"अ!"

तिनं खटका दाबला. रेकॉर्डवरच्या बाई गाऊ लागल्या.

"कोरडं," दंतवैद्य म्हणाला.

"छे, ओला पुठ्ठा," दाढीवाला म्हणाला. कोरडं की ओलं यावर थोडी जुंपली.

"लगदा आहे रे तो!" नवऱ्यानं दोघांचं समाधान केलं. "ब!"

खटका. त्याच बाई, तेच गाणं. दंतवैद्याचा आ वासला तो वासलेलाच राहिला. दाढीवाल्यानं चष्मा पुसला.

"अरे, बाई श्वास घेतात तो ऐकू येतोय!" नवरा गहिवरला. "याला म्हणतात धातू! कागदाच्या सात पिढ्यांना जमणार नाही."

*खर्ज*

"वहिनी, आता फोडा गुपित," दाढीवाला म्हणाला. "ब कोण?"



"तुम्ही एवढे जाणकार," ती पडद्यामागून म्हणाली. "तुम्ही म्हणता तेच."

टाळ्या. नवऱ्यानं स्वतःचीच पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली.

"अहो, मग बाबांची खोकी आत्ताच उचलायला सांगू?"

"वहिनी, थांबा!" दाढीवाला खुर्चीतून उठलाच. "हा आवाज या मांडणीत लागलाय. पडदा, ती खोकी, सगळं धरून. केसभर हललं तर गेलं!"

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

"हात लावू नकोस कशाला!" तो ओरडला. "पडदासुद्धा राहू दे. मीसुद्धा मागे जाणार नाही."

"आणि धूळ?"

"ती तू बघ. हळू."

*देखभाल*

दर सोमवारी ती पडद्यामागे जाते. बाबांच्या शंकूंवरून मऊ ब्रश फिरवते. खटका 'ब'वरच आहे ना, ते पाहते. मग बेरिलियमवर वाळत घातलेले नवऱ्याचे मोजे काढून घेते.