अकराचा प्रेक्षक

खऱ्या दवाखान्याला लागूनच्या खोलीत नट एकाच प्रेक्षकासाठी नाटक करायचा. तो डॉक्टर, तिकीट काढून येणारा पेशंट. बाहेरून दोन्ही दारं सारखीच.

अकराच्या खेळाला एक आजी आत आल्या आणि गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं भडाभडा बोलल्या. नटाने अर्धा तास मन लावून ऐकलं. "निम्मं दुखणं इथेच उतरलं बघा, डॉक्टर," म्हणत त्या उठल्या. भूमिकेत इतका मुरलेला प्रेक्षक त्याला आजवर मिळाला नव्हता.



दुपारी दिग्दर्शक फोनवर तडकला, "अकराचे तिकीटवाले गृहस्थ तणतणत आलेत. मान वर न करता दोन मिनिटांत चिठ्ठी खरडलीस म्हणे, कुठल्याच बाजूने डॉक्टर वाटला नाहीस त्यांना!"