खालची उजवी दाढ

"आ कर," तपासनीस म्हणाले. चौथीतल्या त्या मुलीनं मोठा आ केला.

त्यांनी आरशाच्या दांडीनं तिचा गाल बाजूला सारला, आत बॅटरी मारली आणि हातातलं कार्ड डॉक्टरणीसमोर धरलं. "खालची उजवी दाढ. गेल्या वर्षी कीड कोरून चांदी भरली, असं लिहिलंय. सही तुमची. आता तुम्हीच बघा."

तिनं वाकून पाहिलं. दाढ धडधाकट होती. चांदी नाही, खड्डा नाही, कोरल्याची खूणसुद्धा नाही.

"चांदी पडली असेल," दातांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"पडली तर भोक उरतं, बाई. इथे मशीन लागलेलंच नाही." तपासनिसांनी बॅटरी विझवली. "दवाखाना फुकट असला की न केलेली कामंही कागदावर सहज चढतात. सोमवारपासून ही गाडी कुठल्याही शाळेत जाणार नाही. चौकशी होऊ दे, मग बघू."

डॉक्टरणीच्या कानशिलातली शीर ताडताड उडायला लागली.

"नऊ वर्षं शाळाशाळांतून ही गाडी नेतेय मी. एक खुर्ची, एक मशीन आणि माझे दोन हात. पटावर नाव नसलेलं एकही पोर या खुर्चीवर बसू दिलेलं नाही. फाटकाशी गाल धरून रडणारी पोरं परत पाठवलीत, नियम म्हणून! आणि मी खोटं लिहीन?"

"नियम पाळता हे चांगलंच आहे," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी कार्ड फायलीत घातलं.

मुलगी अजून आ करून बसली होती. तिला कुणी तोंड मिटायला सांगितलंच नव्हतं.

"मीट गं आता!" डॉक्टरीण खेकसली. मुलगी खुर्चीवरून उतरली ती पळतच सुटली.

तपासनीस गेल्यावर मदतनीस बाईची पाळी आली. ती बिचारी मागच्या बेसिनपाशी हत्यारं धूत होती.

"नंबर तू पुकारतेस, कार्डं तू लावतेस. कुणाचं कार्ड कुणाला चिकटवलंस?"

"नाही हो मॅडम. नंबर पुकारला, मुलगी आली. युनिफॉर्म होता, गळ्यात ओळखपत्र होतं."

"मग चांदी काय मुंग्यांनी नेली?"

मदतनीस बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून डॉक्टरणीचा पारा आणखीच चढला. "उद्यापासून येऊ नकोस," ती म्हणाली आणि हातमोजे ओरबाडून तिनं डब्यात फेकले.

तिला ती दाढ आठवत होती, हेच तर खरं दुखणं होतं. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. दिव्याखाली तिला फक्त तोंडं दिसत, आणि तोंड ती विसरत नसे. त्या दाढेची कीड पार आतल्या नसेजवळ पोचली होती. पाऊण तास काम चाललं. पोरीनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता, पण तोंडातून हूं की चूं नाही. अशी सोशीक पोर नऊ वर्षांत पाहिली नव्हती. ते स्वप्न होतं की काय?

शाळेतून पत्ता घेऊन ती तडक निघाली. मुलीची आई रस्त्याकडेच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. डॉक्टरणीनं दारातूनच सुरुवात केली.

"तुमच्या मुलीची दाढ गेल्या वर्षी मी भरली होती."

"भरली असेल."

"पण आज ती चांदी तिच्या तोंडात नाही!"

"मग नसेल भरली."

"अहो, तिची दाढ धडधाकट आहे!"

"माझ्या पोरीचे दात चांगले आहेत, यात माझा काय गुन्हा, डॉक्टरबाई?"

डॉक्टरणीनं चौकट घट्ट धरली. "तुम्हाला कुणी गप्प राहायला सांगितलंय का? मुख्याध्यापिकांनी?"

"मला कोण काय सांगणार?" आईनं शर्टाची कॉलर उलटी केली आणि परत सुलटी केली. "पोरीचं नाव शाळेतून कमी नाही ना करणार?"

"तिचं नाव कशाला कमी होईल? नाव गेलंय ते माझं! सगळ्या शाळांत उद्या मी लबाड म्हणून ओळखली जाईन. गाडी बंद पडली तर किती पोरं ठणकत बसतील, कळतंय का? तुम्ही तपासनिसांना एवढंच सांगा, की तेव्हा पोरीची दाढ दुखत होती. खरं तेवढंच सांगा!"

"दुखत होती हे खरंच आहे. आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. गाल हा एवढा सुजलेला."

"मग ती दाढ गेली कुठे?" डॉक्टरीण इतक्या जोरात ओरडली, की रस्त्यावरचे दोघेजण थबकले.

आईनं इस्त्री उभी करून ठेवली.

"आई, कोण आलंय गं?" आतल्या खोलीतून एक मुलगी कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. तोंडवळा हुबेहूब त्या चौथीतल्या मुलीचा, उंची चार बोटं जास्त. डॉक्टरणीला पाहताच तिनं गाठोडं खाली टाकलं, पुढे येऊन आपणहून मोठा आ केला आणि खालच्या उजव्या दाढेवर बोट ठेवलं. चांदी जागच्या जागी होती.

"बघा, अजून आहे!" ती हरखून म्हणाली. "फाटकाशी मला परत पाठवलंत तेव्हा तुमची भीती वाटली होती. पण दुसऱ्या दिवशी बहिणीचा युनिफॉर्म घालून आले, तर किती हळू कोरलंत हो तुम्ही!"